माझ्यावरचा माहितीपट आणि चारचा फोन

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरचा आहे म्हणून साष्टांग. प्रत्यक्षात खाली जाणं जमेल, वर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत, डोळ्यांतले थेंब वेळच्या वेळी घालतेस का, भाचीच्या ऑफिसातल्या त्या खडूस बाईची बदली झाली की नाही, हे सगळं मला विचारायचं आहे. एरवी ते मी रविवारी चार वाजता फोनवरच विचारलं असतं. पण गेले सात रविवार तुझा फोन नाही. मी केला तर भाची उचलते आणि 'मामा, आई झोपलीये' म्हणते. ताई, तू दुपारची कधी झोपली आहेस? लहानपणी आई आपल्याला दामटून झोपवायची तेव्हाही तू एक डोळा किलकिला ठेवून माझ्यावर पहारा करायचीस. तेव्हा पंचाहत्तरीला येऊन तुला नेमकी रविवारी चारलाच, तीही ओळीने सात वेळा, गाढ झोप लागते हे माझ्या गळी उतरत नाही. म्हणून हे पत्र. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे डॉक्टरांच्या मते आहे, मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही.

तू का रागावली आहेस ते मला पक्कं ठाऊक आहे, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. माझ्यावर सिनेमा निघतोय ही बातमी मीच तुला दिली. दिली म्हणजे काय, कित्येक रविवार दुसरं काही बोललोच नाही. तूही बिचारी हुरळलीस आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या तुझ्या मंडळातल्या बारा बायका घरी जमवल्यास. भाचीने शेजारून खुर्च्या आणल्या, टीव्ही पुसला, चहाचं आधण चढलं. 'हा माझा धाकटा भाऊ' म्हणून तू पडद्याकडे बोट दाखवलंस, आणि एकतिसाव्या मिनिटाला त्या धाकट्या भावाने बारा बायकांसमक्ष सांगितलं, 'माझं कोणी नाही.' त्यावर त्यांच्यातली एक तुझ्याकडे वळून 'मग तुम्ही कोण?' म्हणाली म्हणे. तू पाणी आणायला म्हणून आत गेलीस ती सिनेमा संपून बायका चपला घालेपर्यंत बाहेर आली नाहीस. हे मला भाचीकडून कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. (पण मी चौथ्या मजल्यावर राहतो. दुभंगली असती तरी तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडलो असतो.) तर हे कसं घडलं ते तुला अथपासून इतिपर्यंत सांगतो. सगळं वाचून झाल्यावर मग हवं तर झोप.

सुरुवात लिफ्टने झाली. आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये अडकली आणि आत एक बाई होत्या, माझ्या समोरच्या दंतवैद्यीणबाईंकडे दाढ दाखवायला आलेल्या. निवृत्त झालो म्हणून काय झालं, एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस मी, स्टूल ओढून दाराशी बसलो. आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला होता. आत माणूस अडकला असेल तर आधी तोंड चालवायचं, मग पाना. लिफ्टचा दोर सहसा तुटत नाही, पण बंद खोलीत गप्प बसलेला माणूस पाच मिनिटांत तुटतो. काय बोलतो याला महत्त्व नाही, बोलत राहायचं. मी एकदा एका बँकेच्या मॅनेजरला कांदे सडू नयेत म्हणून ते कसे ठेवावेत यावर अडीच तास व्याख्यान दिलं होतं. (बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, लसणालाही हेच चालतं का?) त्या बाईंशी मी चाळीस मिनिटं बोललो. बाहेर आल्या त्या दाढ विसरल्या आणि म्हणाल्या, काका, घरी कोण कोण असतं? मी म्हटलं, मी असतो आणि फ्रिज असतो. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी एखादी बाई आठवडाभर शोधून हवी तशी छोटी वांगी सापडल्यावर बघते.

त्या दिग्दर्शिका निघाल्या. माहितीपट काढतात, म्हणजे समाजात जे चुकतंय ते लोकांना दाखवायचं आणि लोकांना खडबडून जागं करायचं. त्यांच्या आधीच्या माहितीपटाने एका शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधली गेली, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही. शाळेला काय हवं होतं ते दिसत होतं, ते लोकांनी पाहिलं आणि बांधून दिलं. या वेळी विषय होता म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा. त्यांनी मला त्याचे आकडे सांगितले. ताई, तोपर्यंत मला वाटत होतं की मी घरी बसलोय. आकडे ऐकल्यावर समजलं की मी समस्या आहे, आणि मोठी आहे. तुझी भावजय जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, या गोष्टी मी इतकी वर्षं चारचौघांत खाली मान घालून सांगत आलो. दिग्दर्शिकाबाईंनी त्या एवढ्या कौतुकाने लिहून घेतल्या की मला वाटलं आपण काहीतरी कमावलंय. माणसाला आपल्याविषयी कोणी वहीत लिहून घेतलं की काय चढतं म्हणून सांगू.

मग ते आले. आठ माणसं, आठ दिवसांच्या बोलीवर. मी हरखून गेलो ग! पहिल्याच दिवशी जाऊन एकसारखे आठ कप आणले. कॅमेरेवाला, दिवेवाला, त्या दिव्यांच्या वायरी उचलणारा, मला पावडर लावणारी मुलगी, आणि एक कानसेन, म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन लावून लांब काठीला टांगलेला माईक माझ्या डोक्यावर धरून उभा राहणारा गृहस्थ. सकाळी आठला दार वाजायचं आणि घरात चपलांचा ढीग पडायचा. चपलांचा ढीग मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. दुपारी सगळे माझ्या बैठकीत मांडी घालून डबे उघडायचे, एकमेकांच्या डब्यात हात घालायचे, माझ्या लिफ्टच्या गोष्टींना खो खो हसायचे. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शिकाबाईंनी पडद्यावर आदल्या दिवसाचं काम पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, काका, तुम्ही फार खूश दिसताय.

इथून माझे हाल सुरू झाले. एकटं दिसणं हे भलतं अवघड काम आहे, विशेषतः खोलीत आठ माणसं असताना. मला खिडकीशी उभं राहून शून्यात बघायला सांगितलं, तर समोरच्या इमारतीतला इस्त्रीवाला मला ओळखून हात हलवायला लागला आणि मीही हलवला, सात वेळा. (आठव्या वेळी दिवेवाल्याला खाली पाठवून त्याला समजावलं, तेव्हा तो इस्त्री सोडून चाललेलं नाटक बघत उभा राहिला.) घर पुरेसं उदास नव्हतं. माझी सवय तुला माहीत आहे, पानेसुद्धा मी आकाराप्रमाणे लावून ठेवतो. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं पसरली, गादीवर कपड्यांचा डोंगर केला, सिंकमध्ये तीन दिवसांची भांडी रचली. संध्याकाळी ते गेले की मी ते सगळं आवरून भांडी घासून टाकायचो आणि सकाळी ते कपाळाला हात लावून पुन्हा पसरायचे. शेवटी त्यांनी 'आवरू नये' अशी चिठ्ठी डकवली. आठ कपांतले सात कपाटात गेले. आणि चेहऱ्याचं म्हणशील तर दोन वेळा भरपूर गप्पा आणि वेळेवर जेवण, त्याने माझे गालच वर आले. पावडरवाली मुलगी रोज ते खाली बसवायची.

पण खरा घोळ झाला तो शांततेवरून. तुला सांगितलं तर खोटं वाटेल, हे लोक शांतता मुद्रित करतात. म्हणजे एका खोलीतलं काम झालं की शेवटी कॅमेरा बंद करून सगळ्यांनी जागच्या जागी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि कानसेन मिनिटभर त्या रिकाम्या खोलीचा आवाज टिपून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे, आणि पुढे तुकडे जोडताना फटी बुजवायला ती लागते. पुट्टी भरतात तसं. आता तू विचार कर, बंद खोली, आत नऊ माणसं, कोणी हलत नाही, कोणी बोलत नाही, सगळे एकमेकांची नजर चुकवून छताकडे बघताहेत. मला एकतीस वर्षांच्या नोकरीत अशी खोली एकच माहीत आहे. दहा सेकंद होत नाहीत तो माझ्या तोंडून आपोआप निघायचं, घाबरू नका, आत्ता चालू होईल! कानसेन हेडफोन काढून डोकं धरायचा. स्वयंपाकघराची शांतता मी दोनदा घालवली, बैठकीची दोनदा. तिसऱ्यांदा तर नुसतं बोलून थांबलो नाही, कांद्यांवर गेलो. सगळे हसत होते, दिग्दर्शिकाबाईसुद्धा, पण मला मनातून वाईट वाटलं. ज्या एका गोष्टीसाठी मला निवडलं, तीच माझ्या घरात त्यांना मिळेना.

आता रविवार. सातवा दिवस. इथे मला तुझी क्षमा मागायची आहे, तेव्हा चष्मा नीट लाव. त्या दिवशी प्रसंग असा होता की मी खुर्चीत बसलोय आणि समोर टेबलावर फोन आहे, आणि मी त्याच्याकडे बघतोय. फोन वाजत नाही असं बघायचं. मी बघायला लागलो आणि फोन वाजला. चार वाजले होते. तुझा होता. मी हात पुढे केला, तर दिग्दर्शिकाबाईंनी कॅमेऱ्यामागून हळूच पंजा वर केला, थांबा म्हणून. आणि ताई, मी थांबलो. अकरा वेळा वाजला. मी एकेक घंटा मोजली. तुझा फोन वाजताना मी कधी बघत बसलेलो नव्हतो, दुसऱ्या घंटेलाच उचलतो, त्यामुळे तो बघताना माणसाचं तोंड कसं होतं हे मला माहीत नव्हतं. ते त्यांना मिळालं. पुढच्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी अंघोळीला होतो म्हणून सांगितलं. दुपारी चारला. तूही 'बरं' म्हणालीस. सिनेमात त्यांनी घंटेचा आवाज काढून टाकला आहे आणि त्या जागी खोलीची शांतता भरली आहे. म्हणजे तुझ्या बारा बायकांनी जो न वाजणारा फोन बघून डोळे पुसले, तो तू केलेला होता.

राहिलं ते वाक्य. त्याबद्दल माझं म्हणणं एवढंच की हे सिनेमावाले ध चा मा करतात. मूळ वाक्य लांबलचक होतं. चहा पिताना बोलता बोलता मी म्हणालो होतो की, माझं कोणी नाही असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही, कारण माझी थोरली बहीण अजून मला रविवारी चारला फोन करून जेवलास का विचारते. आता कात्री त्यांच्या हातात. त्यांनी पहिले तीन शब्द ठेवले आणि जीभ, बहीण, रविवार सगळं केराच्या टोपलीत टाकलं. त्यात माझा काय दोष? तू त्या बायकांना हे असंच्या असं सांग. हवं तर हे पान वाचून दाखव, पुढचं दाखवू नकोस.

सिनेमा तुमच्याकडे टीव्हीवर लागला त्याच वेळी इथे एका सभागृहात दाखवला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. संपल्यावर चर्चा झाली. एका प्राध्यापकबाईंनी माझ्याबद्दल फार चांगलं सांगितलं, एका अधिकाऱ्याने माझ्यासारख्यांसाठी काय काय योजना आहेत ते सांगितलं, मागून प्रश्न आले, माईक तीन वेळा माझ्या डोक्यावरून इकडचा तिकडे गेला. मला कोणी काही विचारलं नाही. विचारणार तरी काय, पडद्यावर सगळं सांगून झालं होतं. पण एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगतो. दिवे लागल्यावर मी बाहेर व्हरांड्यात आलो तर तिथे भिंतीला टेकून, जिन्यात बसून, खांबाआड उभे राहून पंचवीस-तीस लोक फोनवर बोलत होते. सगळे एकच बोलत होते, काही नाही ग, सहज केला. काही नाही हो बाबा, सहज. कॅमेरेवालासुद्धा. कानसेन तर नाक ओढत होता. तेव्हा माहितीपटाने काही होत नाही असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. त्या दिवशी तीस म्हाताऱ्यांचे फोन वाजले, मी डोळ्यांनी पाहिलं. मीही माझा फोन खिशातून काढून हातात धरून ठेवला होता. म्हटलं ताईने आत्ताच बघितलं असेल. व्हरांडा झाडायला माणूस आला तेव्हा घरी आलो.

त्यानंतर अभियान सुरू झालं. 'दार ठोठावा' असं नाव. इमारतीतल्या प्रत्येक घराने दिवसातून एकदा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाचं दार ठोठावायचं आणि मोबाइलवर बरोबरची खूण करायची. आमच्या इमारतीत चोवीस घरं आणि एकटा ज्येष्ठ मी एक. पहिल्या दिवशी अकरा वेळा दार वाजलं. प्रत्येक वेळी मी गुडघे सावरत उठून दार उघडायचो, समोरचा म्हणायचा, काही नाही काका, ठोठावलं, आणि जायचा. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तर मी कडी काढेपर्यंत जिन्याच्या वळणावर पोचलेले असत, मला त्यांची पाठच माहीत. दंतवैद्यीणबाई दोन रोग्यांच्या मध्ये तोंडावरच्या मास्कसकट यायच्या आणि हातमोजे खराब होऊ नयेत म्हणून कोपराने ठोठावायच्या. पाच दिवसांत भीक नको पण कुत्रं आवर अशी अवस्था झाली. मग मी शहाणपणा केला, खुर्चीच दाराशी आणून ठेवली. त्यानंतर मला ठोक्यावरून माणूस ओळखता यायला लागला. मग ते आठ कप कपाटातून काढले आणि सकाळीच चहा करून थर्मासमध्ये भरून ठेवायला लागलो, म्हटलं कोणीतरी दोन मिनिटं टेकेल. कोणी टेकलं नाही. त्यांचाही इलाज नव्हता. अभियानाच्या पत्रकात तिसऱ्या क्रमांकावर स्पष्ट लिहिलं होतं की आत जाऊन ज्येष्ठांना त्रास देऊ नये. चहा मीच संपवायचो आणि मग दिवसभर ठोक्यांच्या मध्ये मला दुसरीकडेच धावावं लागायचं.

महिना संपला तसं अभियान संपलं. एक तारखेला मी नेहमीसारखा दाराशी बसलो. नऊ झाले, दहा झाले, अकराला मला वाटलं दारच बिघडलं असेल. हसू नकोस, यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या माणसाला आधी तेच वाटतं. मी बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि ठोठावून बघितलं. चांगलं खणखणीत वाजत होतं. पण आतून ऐकू येतं का हे कळायला आत कोणीतरी असायला हवं, हे मला बाहेर उभा राहिल्यावर लक्षात आलं. तेवढ्यात दंतवैद्यीणबाई बाहेर आल्या आणि मला माझंच दार ठोठावताना बघून म्हणाल्या, काका, कोणी नाहीये का घरी? मी म्हटलं, दिसत नाही कोणी. त्या हसल्या आणि आत गेल्या, रोगी वाट बघत होता. या महिन्यात अभियान चिमण्यांचं आहे. सगळ्यांनी खिडकीत पाण्याची वाटी ठेवायची. मीही ठेवली आहे. चिमण्या येतात.

तर ताई, असं सगळं आहे. मी आता बराच प्रसिद्ध आहे. बाजारात लोक ओळखतात, मान तिरकी करून हळू आवाजात 'कसे आहात?' विचारतात आणि उत्तराच्या आत खांद्यावर थोपटून पुढे जातात. किराणावाला मला रांगेतून पुढे घेतो, म्हणजे रांगेत उभं राहून जरा कोणाशी चार शब्द बोलायचो तेही गेलं. रविवारी मी सकाळपासून बरा असतो. साडेतीनला चहा करतो, पावणेचारला फोन पूर्ण भरलेला आहे ना बघतो, चारला घड्याळाकडे पाठ करून बसतो. साडेचारला उठतो. मग सोमवारपर्यंत काही करावंसं वाटत नाही. मला तुझी फार आठवण येते, हे सरळच लिहितो, कारण आडून लिहिलं तर तू म्हणशील याला सिनेमाची सवय लागली. भाचीला आशीर्वाद. त्या बारा बायकांना माझा नमस्कार सांग, पण 'मग तुम्ही कोण' विचारणाऱ्या बाईंना सांगू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. : गुडघ्याला लावायचं ते पिवळं तेल मिळालं तर दोन बाटल्या पाठव. दार ठोठावा अभियानात उजवा गुडघा कामी आला.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक लावून झाला होता, पुन्हा उघडलं. त्या वाक्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते सगळं खोटं आहे. कोणी कात्री लावलेली नाही, दिग्दर्शिकाबाईंना उगाच बोल लावला. झालं असं की त्या रविवारी तुझा फोन वाजून वाजून थांबला आणि लगेच कानसेन म्हणाला, आता या खोलीची शांतता घेऊ. सगळे उभे राहिले. मीही या वेळी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ते जाणार होते, ताई. सामान बांधायला सुरुवात झाली होती, अर्ध्या वायरी गुंडाळून झाल्या होत्या. खोलीत आठ माणसं माझ्याकडे न बघता फक्त ऐकत होती. इतकं कान देऊन माझ्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. मला कळलं होतं की यांना काय हवंय. म्हटलं, ते दिलं तर थांबतील. आणि मी म्हणालो, माझं कोणी नाही. तुझा फोन वाजून मिनिटही झालं नव्हतं. कोणी ओरडलं नाही, कानसेनाने हेडफोन काढला नाही. दिग्दर्शिकाबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, आपण अजून थोडं काम करू. दीड दिवस जास्त थांबले. दीड दिवसासाठी मी तुला नाही म्हटलं. हे पान मात्र बायकांना वाचून दाखव, सगळ्या बाराजणींना.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : काल दिग्दर्शिकाबाईंचा निरोप आला. त्यांना माहितीपटाचा दुसरा भाग काढायचा आहे. एवढी जनजागृती होऊनही ज्यांच्या आयुष्यात काही बदललं नाही, अशी माणसं त्यांना दाखवायची आहेत. विचारलंय, काका, तुमच्याकडे काही बदललं का? बदललं असेल तर आनंदच आहे, मग आम्ही दुसरीकडे बघू, नसेल तर पुढच्या आठवड्यात येतो. पाच दिवस, तीच आठ माणसं. मंगळवारपर्यंत उत्तर कळवायचं आहे आणि मध्ये रविवार येतो. यात धमकी नाही ग, मी फक्त वार कोणता कधी येतो ते सांगितलं. आणि माझ्याशी गोड बोलायला हवं असंही नाही. तू शिव्या घालायला फोन केलास तरी मी त्यांना 'बदललं' असंच कळवीन.